उजवा पंख बाकी

१९७५. संक्रांतीनंतरचा पहिला रविवार. स्थळ: सांगली, हळदीच्या गोदामामागचं भाऊजींचं घर. हजर: मी, आमचे हे, साताऱ्याचे दातांचे डॉक्टर परांजपे, माझे धाकटे दीर बाळासाहेब, जाऊबाई शालन, आणि सासरे, म्हणजे तात्या. गैरहजर: विमानाचा उजवा पंख.

ही नोंद माझ्या वहीतली. मी याद्या करते. किराण्याची यादी सगळेच करतात. मी याद्यांचीही यादी करते. (आमचे हे सगळ्यांना सांगतात की सप्तपदीच्या वेळी मी पावलं मोजत होते. होतेच! भटजींनी एखादं कमी घातलं असतं तर?) नोकरीही तसलीच. साताऱ्यात पाटबंधाऱ्याच्या कचेरीत मी ट्रेसर आहे. साहेबांनी काढलेला कालव्याचा नकाशा पारदर्शक कागदावर जसाच्या तसा उतरवायचा. अठरा वर्षं झाली होती तेव्हा, आणि माझ्या हातून एकही कालवा चुकीच्या गावाला गेला नव्हता. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे ते माझ्या अंगावर येणार आहे.

आमचे हे शाळेत हस्तकला शिकवतात. त्यांचा, डॉक्टरांचा आणि बाळासाहेब भाऊजींचा एक सामाईक आजार होता: महायुद्धातल्या लढाऊ विमानांच्या हुबेहूब प्रतिकृती करणं. परदेशात म्हणे अशा विमानांचे तयार भाग डब्यातून मिळतात, चिकटवले की झालं. आमच्याकडे डब्यातून डिंकाचे लाडू मिळायचे. त्यामुळे सगळं हातानं. अंग पांगाऱ्याच्या लाकडाचं, कारण ते हलकं आणि चाकूला नरम. चाकांच्या दांड्या म्हणजे सायकलच्या तारा, टायर म्हणजे इंजेक्शनच्या बाटल्यांची रबरी बुचं. वैमानिकाच्या डोक्यावरच्या काचा डॉक्टर पुरवायचे. दातांचे जुने एक्सरे गरम पाण्यात धुतले की फिल्म स्वच्छ निघते. (एका तावदानात अजून कोणाची तरी अक्कलदाढ दिसते. डॉक्टर म्हणतात, घाई झाली.)

मी आधी या मंडळात फक्त चहापुरती होते. पण यांनी काढलेले नकाशे बघवेनात, म्हणून मी हात घातला. महिन्याभरात सगळ्यांच्या कामाच्या याद्या माझ्याकडे आल्या, आणि मंडळ सुतासारखं सरळ झालं, असं माझं मत होतं.

त्या वर्षीचं विमान साधं नव्हतं. ते तात्यांचं विमान होतं.

तात्या महायुद्धात हवाई दलात फिटर होते. तासगावकडच्या खेड्यातून उठून थेट ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर. त्यांनी कधी विमान उडवलं नाही, उडण्याजोगं ठेवलं. हरिकेन जातीचं एकच विमान त्यांच्या ताब्यात होतं आणि त्याच्याविषयी ते अशा सुरात बोलायचे की सासूबाई हयात असताना उठून आत जायच्या. अलीकडे त्यांचा एक डोळा काचबिंदूनं पार गेला होता, दुसऱ्यावर मोतीबिंदू चढला होता. दोन वर्षं त्यांना उजेड-अंधारापलीकडे दिसत नव्हतं. सोमवारी मिरजेला ऑपरेशन ठरलं होतं, पण तिथले डॉक्टर खात्री देत नव्हते.

दिवाळीत तात्या म्हणाले होते, "डोळ्याचं काय हुईल ते हुईल. त्याआधी येकदा माझं इमान माझ्या हाताला लागू द्या. हातानं तरी बगतो."

म्हणजे मुदत रविवार. मी लगेच यादी केली. प्रमाण एका फुटाला अर्धा इंच. पंखाच्या टोकापासून टोकापर्यंत वीस इंच. धड, शेपूट आणि डावा पंख साताऱ्यात, उजवा पंख सांगलीत भाऊजींकडे. काम वाटलेलं दिसलं की मला बरं वाटतं. उजव्या पंखाचं ट्रेसिंग मी स्वतः काढलं. नकाशा असलेल्या बाजूला मी एक अक्षर लिहीत नाही. रेघ कशी स्वच्छ दिसली पाहिजे. पण मागची बाजू कोरी वाया चाललेलीही मला बघवत नाही. म्हणून मागच्या बाजूला भाऊजींसाठी सोळा कलमांची यादी लिहिली आणि टपालात टाकली.

रविवारी सकाळच्या एसटीनं आम्ही तिघे निघालो. धड माझ्या मांडीवर, दुपट्यात गुंडाळलेलं. कराडच्या पुढे कंडक्टर वाकून म्हणाला, "ताई, लेकराचं तोंड तरी उघडं ठेवा. गुदमरंल की!"

"लेकरू नाही हो. विमान आहे."

त्यानं यांच्याकडे पाहिलं. यांनी मान डोलावली. मग तो सांगली येईपर्यंत आमच्याकडे फिरकला नाही.

पोचलो तेव्हा दुपारचे दोन. तात्या आतल्या खोलीत झोपलेले. चारला चहाला उठायचे. दोन तास हाताशी. भाऊजींनी अभिमानानं उजवा पंख आणून ठेवला. काम खरंच सुरेख होतं. (जागोजागी हळदीचे पिवळे ठसे होते, पण भाऊजींनी हात लावलेली कुठलीही वस्तू तशीच असते. त्यांची लग्नपत्रिकासुद्धा.) यांनी तो धडाला लावून पाहिला. काढला. परत लावला.

"बाळ्या, लागत का नाही रे?"

"लागतोय की. ह्यो बघ."

"अरे, मागची कड पुढं आली!"

"मग उलथा कर गड्या. हां! आता कसा बसला!"

"बसला," डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "पण चाक मिटायचा खळगा वरच्या बाजूला आलाय."

शालन चहाचं आधण ठेवता ठेवता वाकून बघत होती. "म्हंजी आभाळात उतरायचं इमान हाय व्हय ह्ये?"

मी दोन्ही पंख शेजारी शेजारी ठेवले. जुळी भावंडं. दोन्ही डावे.

"भाऊजी, तुम्ही नकाशा बघितला होता का?"

"आवं वयनी, नकाशावर ठिवून कापलाय! इंचाचा फरक काढून दाखवा!" भाऊजींनी ट्रंकेतून कागद आणला आणि जमिनीवर पसरला. वरच्या बाजूला माझी यादी. सोळाच्या सोळा कलमांवर खुणा. आणि अक्षरांच्या खालून पंख फिकट दिसत होता, आरशात दिसावा तसा.

"अहो, तुम्ही यादीची बाजू वर ठेवलीत?"

"मग? पैल्या कलमात काय ल्हिलंय ते वाचा की."

मी वाचलं. माझ्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'ही यादी सतत समोर ठेवून काम करावे.'

मी कागद उलटला: उजवा पंख. परत पालथा केला: डावा. अठरा वर्षांत एकही कालवा चुकला नव्हता! आमचे हे खिडकीबाहेर बघू लागले. लग्नाला पंधरा वर्षं झालेला माणूस कुठे बघायचं ते ओळखतो.

"घाबरू नका," डॉक्टर एकदम उठले. त्यांच्या पिशवीत दातांच्या साच्याचं प्लास्टर कायम असतं. "डाव्या पंखाचा साचा घेऊ. साचा उलटा निघतो ना? मग त्यात ओतू. झाला उजवा!"

त्या क्षणी आम्हां पाचही जणांना ते पटलं. मलासुद्धा! शालनची परात घेतली, प्लास्टर कालवलं, साचा घेतला, तेल लावलं, पुन्हा ओतलं, वर चौघांनी वारा घातला. साडेतीन वाजता डॉक्टरांनी हलक्या हातानं पंख सोडवला.

आता आमच्याकडे तीन डावे पंख होते.

"डॉक्टर," हे फार सावकाश म्हणाले, "तुम्ही वरच्या जबड्याच्या साच्यातनं खालची कवळी काढता का हो?"

"नाही," डॉक्टर म्हणाले आणि परात घासायला मोरीवर गेले.

चारला दहा मिनिटं कमी असताना आतून खोकल्याचा आवाज आला. उरलेला मार्ग एकच होता. भाऊजींचा पंख उलटा लावून टाकला, वर आलेल्या खळग्यात शालननं कणीक भरली, मी बोटानं गुळगुळीत केली. 'म्हाताऱ्या माणसाला काय कळणार' असं कोणी बोललं नाही, पण सगळ्यांनी मनात म्हटलं. मी तर नक्कीच म्हटलं.

तात्या भिंतीला धरून आले. आधी हात धुतले, टॉवेलाला पुसले, परत वास घेऊन बघितला. मग पाटावर बसले. मी विमान त्यांच्या मांडीवर ठेवलं.

त्यांनी शेपटीपासून सुरुवात केली. हरिकेनचं मागचं अंग कापडानं मढवलेलं असतं, तसंच आम्ही केलं होतं. बोटं कापडावर थांबली.

"कापड कसलं ह्ये?"

शालन म्हणाली, "मामंजी, तुमचं जुनं धोतर."

"माझं धोतर! आगं, दोन म्हयनं हुडकतोय मी! गड्यांवर आळ घेतला की मी!" पण बोटं पुढे सरकत होती. काचांवर टकटक केली. पंख्याची तीन पाती मोजली. मग डावा पंख. बुडापासून दोन बोटांच्या अंतरावर त्यांचं बोट अडलं.

तिथे मी पाव इंचाचं ठिगळ लावलं होतं. खऱ्या विमानात त्या जागी गोळी शिरली होती आणि भर पावसात, ताडपत्रीखाली बसून तात्यांनी ते भोक बुजवलं होतं, हे त्यांनी एकदाच, बऱ्याच वर्षांपूर्वी सांगितलं होतं. मी ते तेव्हाच वहीत लिहून ठेवलं होतं.

तात्या बराच वेळ त्या ठिगळावर बोट ठेवून बसले.

"येकवीस वर्साचं पोरगं हुतं वर," ते म्हणाले. "ह्या ठिगळावर आनखी आठ येळा गेलं. आठी येळा माघारी आनलं मी त्याला." मग म्हणाले, "मी न्हाई. ह्येनं आनलं."

भाऊजींनी नाक ओढलं. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. आणि तेवढ्यात तात्यांचा हात उजव्या पंखावर गेला. तो एकदा गेला, परत आला. अंगठा खळग्यात शिरला आणि बाहेर आला तो कणकेसकट.

"सुमन."

"काय, तात्या?" मी म्हटलं.

"ह्यो पंख डावाच हाय. उलथा लावलाय. आन त्यात कणीक हाय." त्यांनी अंगठा चाखला. "बिनमिठाची."

मग ते हसायला लागले. इतके हसले की खोकला आला, शालननं पाणी आणलं, आणि मी सगळं कबूल केलं: ट्रेसिंग, यादी, पहिलं कलम, प्लास्टर. प्रत्येक वाक्याला ते मांडीवर थाप मारत होते. आम्हीही हसलो. वाटलं, सुटलो. तेवढ्यात त्यांनी विमान हळूच पाटावर ठेवलं.

"बाळ्या, मिरजेला निरोप दे. उद्या जमायचं न्हाई."

"आवं तात्या, आसं काय करताय? तारीख मिळालीय!"

"इमान जमिनीवर हाय तवर फिटर रजेवर जात न्हाई. पंख झाला की जाऊ."

आधी आम्हाला गंमत वाटली. मग त्यांचं तोंड बघितलं. हसण्यामागे भीती होती. ऑपरेशननंतर उरलेला उजेडही गेला तर, ही भीती. आणि ती माझ्या पंखामागे लपून बसली होती. सगळ्यांनी समजावलं. हे रागावले, डॉक्टरांनी दोनदा घसा खाकरला. तात्या हलेनात.

मग मला सुचलं. मी वही काढली.

"तात्या, फिटर रजेवर गेला तर विमान कोणाच्या ताब्यात देतात?"

"बदली फिटर आसतोय. त्येला चार्ज देयाचा. लिवून."

"मग द्या मला. मी लिहिते, तुम्ही सांगा."

त्यांनी माझ्या दिशेनं मान वळवली. मग पाठ ताठ करून सांगू लागले: "इमान, हरिकेन. हालत, जमिनीवर. कारन, उजवा पंख न्हाई. बाकी समदं ठीक." इथे थांबले. "धोतराचं ल्ही नगो." मी त्यांचा हात धरून कागदावर नेला. त्यांनी मोठी, तिरकी सही केली. खाली मी केली.

"मी यीस्तवर करून ठिव. मला बगायचाय," ते म्हणाले आणि चहा मागितला.

सोमवारी ते मिरजेला गेले. महिन्याभरानं, जाड भिंगाच्या चष्म्यातून, त्यांना विमान दिसलं. मी स्वतः नेऊन दिलेला नवा उजवा पंख त्यांनी डोळ्यांजवळ धरला, फिरवला आणि परत दिला. "जाड हाय. नापास."

दुसरा पातळ होता. तिसऱ्याची कड वाकडी होती. चौथ्यात मला तरी काही दोष दिसला नाही, त्यांना दिसला. प्रत्येक पंखासाठी आम्ही एका रविवारी साताऱ्याहून सांगलीला जातो, तात्या हात धुऊन तयार बसलेले असतात, शालन हल्ली मीठ घालून कणीक मळते. पाचवा पंख नापास झाला तेव्हा मी यांना म्हटलं, "अहो, तात्यांना तो पास करायचाच नाही का?" हे म्हणाले, "तुझ्या आत्ता लक्षात आलं?"

त्या पहिल्या रविवाराला आता चार वर्षं झाली. दर जानेवारीत नव्या वहीच्या पहिल्या पानावर मी एक ओळ पुढे ओढते: हरिकेन, उजवा पंख, बाकी. सहाव्यासाठी काल रात्री नवं ट्रेसिंग काढलं. या वेळी मागच्या बाजूला यादी अजिबात लिहिलेली नाही.

फक्त ही आठवण लिहिली आहे. एवढी कोरी बाजू वाया कशाला घालवायची?