आत उघडणारं दार
सागवानाच्या ताज्या भुशाचा वास आला की मला अल्लीपूरच्या आमच्या नव्या घराचं बाथरूम आठवतं. दारं बसवताना सुतारानं बाबांना विचारलं होतं, "गुरुजी, हे आत उघडणारं बसवू का बाहेर?" समोरच्याच भिंतीत बुद्धमूर्तीचा कोनाडा होता. बाबा म्हणाले, "आतच उघडू दे. बाहेर उघडलं तं बाथरूमचं ओलं दार मूर्तीपुढे येईन." आम्हा सगळ्यांनाच ते पटलं. पुढच्या पावसाळ्यात एका सकाळी आत धप्पकन आवाज झाला. चक्कर येते म्हणून डॉक्टरांनी बजावल्यापासून बाबा आतून कडी लावत नसत, म्हणून मी धावत जाऊन दार ढकललं. ते चार बोटं उघडलं आणि अडलं. बाबा दारालाच आडवे पडले होते. फटीतून साबणाचा वास आला, नळाचा आवाज आला आणि मग त्यांचा, "ढकलू नको रे, मानेले लागून राह्यलं." बिजागऱ्या आतल्या बाजूला होत्या, बाहेरून खोलता येत नव्हत्या. शेजारी लोखंडी सब्बल घेऊन आले, पण दार फोडलं असतं तर ते बाबांच्याच अंगावर पडलं असतं. शेवटी चौकटच भिंतीतून उखडायला घेतली. सुरुवातीला आमच्या हाकांना बाबा हूं म्हणत होते, नंतर नुसता नळ वाजत राहिला. ते दार आईनं पुन्हा बसवू दिलं नाही, तिथं अजून पडदाच आहे. आता माझेही केस पिकले, तरी मी आंघोळीला गेलो की ती पडद्याबाहेर पाट टाकून बसते आणि थोड्या थोड्या वेळानं विचारते, "हायेस नं बाबू?"