मोरीनबाईंचं इंग्रजी

मोरीनबाईंना चहा पाजायचा म्हणजे तीनदा विचारावं लागे. "चहा घेणार?" म्हटलं की त्या दोन्ही हात वर करून "छे छे, मुळीच नको, आत्ताच घेतला," असं म्हणत आणि म्हणता म्हणता माझ्या स्वयंपाकघरातलं स्टूल पुढे ओढून बसत. दुसऱ्यांदा विचारलं की "तू कशाला त्रास घेतेस?" तिसऱ्यांदा विचारलं की "बरं, तू करणारच असशील तर अर्धा कप." अर्धा कप म्हणजे दोन कप. मी नाशिकची. पाहुण्यानं पहिल्याच विचारण्याला हो म्हटलं तर आमच्याकडे बायका एकमेकींकडे बघत. त्यामुळे आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कुठल्याशा खेड्यातून आलेली ही बाई मला पहिल्याच दिवशी ओळखीची वाटली.

सौदी अरेबियात, अल-खोबरला आम्ही ज्या इमारतीत राहत होतो, तिथे आमचं दार आणि त्यांचं दार समोरासमोर. माझे यजमान श्रीधर समुद्राच्या पाण्याचं गोडं पाणी करणाऱ्या प्रकल्पावर इंजिनिअर होते. मोरीनबाई एका हॉस्पिटलात मिडवाइफ होत्या. पन्नाशीच्या, एकट्या, बुटक्या, गालांवर कायम उन्हातून आल्यासारखी लाली. कोणी त्यांना इंग्लिश म्हटलं की त्या हातातलं काम टाकून त्याची चूक दुरुस्त करत. गेल्या वर्षी त्या वारल्या. त्यांच्या भाचीनं नाशिकला फोन करून कळवलं आणि विचारलं, "तुम्हीच ना मावशीची भारतातली बहीण?" मी हो म्हटलं. ते नातं कसं लागलं, ते पुढे येईलच.

माझं इंग्रजी शाळेत पाठ केलेलं, व्याकरणात पक्कं आणि बोलताना लंगडं. मोरीनबाईंचं ऐकून सुरुवातीला मला वाटलं, या बाईलाही इंग्रजी येत नसावं. त्यांचं कपाट म्हणजे 'प्रेस'. वाणसामान म्हणजे 'मेसेजेस'. हातातल्या वस्तूचं नाव आठवलं नाही की ती 'योक', मग ती किसणी असो की रक्तदाब मोजायचं यंत्र. जे पार कामातून गेलं ते 'बँजॅक्स्ड', आणि आमच्या इमारतीची लिफ्ट वर्षातून बराच काळ बँजॅक्स्ड असे. 'ग्रँड' या शब्दाचा आम्हाला शिकवलेला अर्थ भव्य. त्यांच्याकडे शिळी पोळीही ग्रँड, पायाला लागलेली ठेचही ग्रँड.

हळूहळू माझ्या ध्यानात आलं की यातलं बरंचसं मला मराठीतून येतंच आहे. 'योक' म्हणजे आपलं 'ते हे'. त्या 'व्हॉट्स द स्टोरी?' विचारत, तेव्हा त्यांना गोष्ट ऐकायची नसे. आपलं 'काय विशेष?' तेच ते. 'गो वे!' म्हणजे 'चल, काहीतरीच!', त्यासाठी कोणी कुठे जायचं नसतं. शेजारी बसलेल्या माणसालाही त्या 'कम हिअर टु मी' म्हणत, जसं आपण कानाजवळ बसलेल्या बाईला 'अगं, इकडे ये, सांगते' म्हणतो. सगळं बोलून झालं, उपाय काही उरला नाही, की एक सुस्कारा टाकून म्हणत, 'शुअर लुक.' याला मराठीत 'चालायचंच' याहून चांगला शब्द मला अजून सापडलेला नाही.

'युअर मॅन' मात्र पचायला वेळ लागला. कुणाही तिऱ्हाइताला त्या 'युअर मॅन' म्हणत. बकाल्यातला, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानातला माणूस युअर मॅन, टीव्हीवरचा बातम्या सांगणारा युअर मॅन. मी मनात म्हणायची, माझा का म्हणून? मी खुद्द माझ्या नवऱ्याला नुसतं 'हे' म्हणते. हे त्यांना सांगितलं तेव्हा त्यांना एवढं हसू आलं की चहा सांडला, आणि त्या दिवसापासून श्रीधर त्यांच्या तोंडी 'युअर हे' झाले.

त्यांची खरी चेली माझी मुलगी केतकी. सहा वर्षांची, इंडियन स्कूलमध्ये जाणारी, माझ्या मराठी प्रश्नांना इंग्रजीत उत्तरं देणारी. तिच्या वर्गशिक्षिकेचा एकदा फोन आला. केतकीनं वर्गात सांगितलं होतं की पंखा बँजॅक्स्ड आहे, मागच्या बाकावरचा मुलगा ईजिट आहे आणि टीचर उगाचच गिव्हिंग आउट करतात. गिव्हिंग आउट म्हणजे काय वाटता तुम्ही घरी, असं टीचरनी मला विचारलं. म्हणजे रागावणं, असं मी सांगितलं. ईजिटचा अर्थ मी सांगितला नाही. येडपट हा शब्द फोनवरून इंग्रजीत नेणं मला जमलं नसतं. मोरीनबाईंनी केतकीला समोर उभं करून सांगितलं, "हे शब्द फक्त या दोन दारांच्या मधे." बदल्यात केतकीनं त्यांना एक मराठी शब्द शिकवला. ताटात दोडका पडला की ती जो म्हणायची तो: नको. मोरीनबाईंना तेवढं एकच मराठी आलं आणि तेही त्या वापरत नसत. ताटात वाढाल ते त्या खात.

खालच्या मजल्यावर एक इंग्लिश जोडपं होतं. त्यांच्याकडे मी एकदा गेले, त्यांनी कॉफी विचारली, मी रीतसर नको म्हटलं आणि बाईंनी "ठीक आहे" म्हणून बिस्किटांची बशीसुद्धा आत नेली. मी उपाशी परत आले. मोरीनबाईंना सांगितलं तर त्यांनी कपाळावर हात मारला. "ते लोक एकदा विचारतात आणि विश्वास ठेवतात," त्या म्हणाल्या. मग त्यांनी मला त्यांच्या गावचा कायदा सांगितला. "पहिलं नको आईनं शिकवलेलं असतं. दुसरं नको शेजाऱ्यांनी ऐकावं म्हणून. तिसरं तेवढं आपलं स्वतःचं. माणूस ओळखायचा तो तिसऱ्यावरून."

१९९०च्या ऑगस्टमध्ये इराकनं कुवेत गिळलं आणि तिकडून गाड्या यायला लागल्या, टपांवर गाद्या बांधलेल्या. मग अमेरिकन सैनिक आले. मोरीनबाई टीव्हीवरच्या इराकी अध्यक्षाकडे बघून "आता युअर मॅन काय करतो बघायचं," म्हणत. जानेवारीत युद्ध सुरू झालं, शाळा बंद झाल्या आणि इराकची स्कड क्षेपणास्त्रं यायला लागली. विषारी वायूची भीती होती. एक खोली निवडा, खिडक्यांच्या फटी चिकटपट्टीनं बंद करा, दाराखाली ओले टॉवेल लावा, असं सगळ्यांना सांगितलं गेलं. आम्ही तसं केलं. फक्त केतकीला दमा होता.

दुसऱ्या की तिसऱ्या भोंग्याला, संध्याकाळी, आम्ही त्या खोलीत जाऊन बसलो. मोरीनबाईही स्वतःच्या घरी एकट्या न बसता सपाता घालून आमच्याकडे आल्या होत्या. थोड्या वेळात केतकीचा श्वास वाजायला लागला. औषधाचा फवारा दिला, उतार पडेना. गॅसपासून बचावाचा मास्क तोंडाला लावला तर ती तो ओरबाडून काढी. खोलीतली हवा आमच्या चौघांच्या श्वासांनी आणि ओल्या टॉवेलांच्या वासानं जड झाली होती. मोरीनबाईंनी तिच्या पाठीला कान लावला, उठल्या आणि नखांनी खिडकीची चिकटपट्टी फाडायला लागल्या.

"अहो, गॅस आला तर?" श्रीधर उठून त्यांचा हात धरायला गेले.

"गॅस कदाचित येईल," त्या म्हणाल्या, "हिला हवा आत्ता हवी आहे." आणि खिडकी उघडली. बाहेर कुठेतरी धडाका झाला, काचा थरथरल्या, आणि केतकी खिडकीत तोंड घालून श्वास घेत राहिली. गॅस आला नाही. धोका टळल्याचा भोंगा झाल्यावर मोरीनबाईंनी श्रीधरना जे गिव्हिंग आउट केलं, त्यातला एकही शब्द मला कळला नाही आणि श्रीधरना सगळं कळलं. पोरीला इथून हलवा, एवढाच त्याचा अर्थ होता.

पण हलवायचं कसं? विमानं बंद होती. समुद्रात तेलाचा तवंग पसरत खाली येत होता, त्यामुळे प्रकल्पावरच्या कुणालाही रजा नव्हती. आणि मी एकटी बाई मुलीला घेऊन जाणार कुठे? दोन दिवसांनी मोरीनबाई आल्या आणि चहा न विचारताच स्टुलावर बसल्या. त्यांच्या हॉस्पिटलची बस जेद्दाला जाणार होती, कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना घेऊन. तिथवर स्कड पोचत नव्हते. "मी तुम्हा दोघींची नावं दिलीत. बहीण आणि भाची."

"तुमची बहीण? मी?"

"तिथला सुदानी कारकून पण असाच बघत होता. मी म्हटलं, बाप एक, आया वेगळ्या. तो म्हणाला, माशाल्ला, आणि लिहून घेतलं."

मी म्हटलं, नको, तुमच्यावर कशाला भार. त्यांनी परत विचारलं. मी म्हटलं, यांना एकटं टाकून कशी जाऊ, आणि ते खरं होतं. आतल्या खोलीतून केतकीच्या श्वासाची शिटी ऐकू येत होती. मोरीनबाई म्हणाल्या, "आता तिसऱ्यांदा विचारते, सुनंदा. नीट विचार करून सांग. चौथ्यांदा विचारायची आमच्याकडे पद्धत नाही."

मी हो म्हटलं. श्रीधरनी त्यांच्या कफीलकडून, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाकडून, प्रवासाच्या परवानगीची चिठ्ठी आणली आणि माझी बॅग स्वतः भरली, त्यात माझा एकही कंगवा नव्हता.

सकाळी हॉस्पिटलच्या आवारातून बस सुटायची होती. मोरीनबाई पांढऱ्या गणवेशात निरोप द्यायला आल्या होत्या. निम्म्याहून अधिक नर्सेस आधीच आपापल्या देशी निघून गेल्या होत्या. कोणीतरी आलं नव्हतं, त्यामुळे माझ्या शेजारची जागा रिकामी राहिली. मी दारात उभी राहून म्हटलं, "मोरीनबाई, जागा आहे. तुम्हीही चला."

"नाही गं. मी इथे ग्रँड आहे."

"चला ना. तुमचं इथे आहे कोण?"

"पोरं काय युद्ध संपायची वाट बघणार आहेत जन्माला यायला?"

ड्रायव्हर यल्ला यल्ला करत होता. मी तिसऱ्यांदा विचारलं. त्यांनी बसच्या पायरीवर हात ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "नको."

मराठीत म्हणाल्या. उच्चारही बरोबर होता. मी आत जाऊन बसले. त्या वेळी मला त्यांचा राग आला होता, हे आजही आठवतं.

जेद्दाला आम्ही श्रीधरच्या ओळखीच्या एका रत्नागिरीकर कुटुंबात राहिलो. त्यांचे यजमान बंदरात कामाला होते, बाईंनी आम्हाला घरच्यासारखं ठेवलं. केतकीचा दमा आठवड्याभरात ओसरला. श्रीधरचा फोन लागे तेव्हा ते मोरीनबाईंबद्दल एवढंच सांगत की दार बंद असतं, त्या हॉस्पिटलातच झोपतात. मग फेब्रुवारीच्या अखेरीस एक स्कड सैनिकांच्या राहत्या जागेवर पडला. शहरातल्या हॉस्पिटलांत ज्याला म्हणून जखम बांधता येत होती त्या प्रत्येकाला त्या कामाला लावलं, सुइणींनासुद्धा. हेही श्रीधरकडूनच कळलं. मोरीनबाईंनी त्याविषयी पुढे कधी अवाक्षर काढलं नाही.

युद्ध संपल्यावर आम्ही परतलो तेव्हा कुवेतच्या जळत्या विहिरींचा धूर खोबरवर आला होता आणि भर दुपारी दिवे लावावे लागत होते. गच्चीवर, कठड्यांवर काळी भुकटी. मी बॅगा दारात टाकल्या आणि समोरचं दार वाजवलं. बऱ्याच वेळानं मोरीनबाईंनी उघडलं. गालांवरची लाली गेली होती, गणवेश अंगावर सैल झाला होता.

"व्हॉट्स द स्टोरी?" केतकीनं विचारलं.

"ग्रँड," त्या म्हणाल्या आणि तिच्या पाठीला कान लावून श्वास ऐकला.

त्या आमच्या मागोमाग स्वयंपाकघरात आल्या आणि स्टुलावर बसल्या. चहाचं भांडं मी विसळलं आणि सवयीनं विचारलं, "चहा घेणार?"

"हो," त्या म्हणाल्या.

मी दुसऱ्यांदा विचारायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. त्यांच्याकडे पाठ करून आधण ठेवलं आणि बराच वेळ तशीच उभी राहिले, कारण मला रडू येत होतं आणि ते त्यांना दाखवायचं नव्हतं. त्यांनी दोन्ही हातांनी कप धरून चहा संपवला. दुसरा कप मी न विचारताच ओतला.