ढग वगळून काढलेला नकाशा

तक्त्यातला शेवटचा रकाना होता ‘प्रत्यक्ष पाहिले: होय / नाही’. चाळीस जागांच्या चाळीस ओळी होत्या आणि चाळीसही ओळींत मी ‘होय’ लिहिलं. त्यातल्या अकरा जागा मी खरोखर पाहिल्या होत्या. बाकीच्या एकोणतीस पिपरी मेघेतल्या माझ्या घरात, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून, कूलरसमोर बसून भरल्या. बराच काळ हे कोणालाच माहीत नव्हतं. घरातही नाही.

मी कॉलेजात भूगोल शिकवते. उपग्रहाची चित्रं पूर्वी हाती पडणंच मुश्कील असायचं. आता ब्राउझर उघडायचा, गावाभोवती चौकोन आखायचा, तारखा द्यायच्या. सगळं गणित कुठल्या तरी दूरच्या मशिनी करतात, आपल्या पडद्यावर फक्त रंग उमटतात. हे मी स्वतः शिकले, मुलींना शिकवलं. कार्यशाळांची बोलावणी येऊ लागली, थोडं नाव झालं. त्यामुळे जिल्ह्यातल्या पडीक जमिनींचा नकाशा एका कचेरीला हवा होता, तेव्हा ते काम माझ्याकडे आलं.

अशा नकाशाला ढग चालत नाहीत. पावसाळ्यातली आमच्याकडची बहुतेक चित्रं पांढरी असतात, ती वगळायला कोडची एक ओळ लिहिली की पुरतं. मी त्याहून सोपं केलं, तारखाच फेब्रुवारी ते मे दिल्या. चित्र लख्ख आलं. त्या लख्ख चित्रात तळेगावच्या पलीकडचं एक मोठं माळरान सगळं करडं दिसत होतं. मी त्याला ‘ओसाड’ नाव दिलं.

खात्री करायला एप्रिलमध्ये गेले. माळाच्या कडेला एक म्हातारी गवळीण आपल्या पांढऱ्या गवळाऊ गाईंना हौदावर पाणी पाजत होती.

“काय पाहून राह्यल्या बाई?”

“जमीन पाहतेय, मावशी. इथे काही उगवतं का?”

ती हसली. “आता पाह्यले आल्या? या उन्हात माह्या डोक्शावरबी काई उगवत नाई. पोळ्याच्या वक्ती येजा. गवतात गाय बसली तं शिंगं दिसत नाई तिचे.”

तिनं ताक दिलं. माझा मोबाइल नंबर मागितला आणि कोळसा हातात देऊन तो दाराच्या फळीवर लिहून घेतला. “कामी पडते,” म्हणाली. मी डायरीत टिपलं, ‘पोळ्याच्या सुमारास पुन्हा येणे’, आणि खाली रेघ ओढली. ऊन असह्य होतं. माळात न शिरताच मी गाडी वळवली; तक्त्यातली ती ओळही घरीच भरली.

अहवाल जूनमध्ये द्यायचा होता. पोळ्यापर्यंत कोण थांबणार? नकाशाची अचूकता तपासायच्या त्या चाळीस जागाही बहुतेक मी पडद्यावरच पाहिल्या. प्रश्न माझा, उत्तरही माझंच. निकाल अर्थातच चांगला लागला.

पुढच्या वर्षी तिचा फोन आला. माळ सोलरच्या पाट्यांसाठी द्यायचं ठरत होतं. ग्रामपंचायतीत नोटीस लागली होती, आक्षेप द्यायला महिनाभर मुदत होती.

“बाई, कागदात वसाड लिवलं हाय म्हंते. तुमी तं सोता येऊन गेल्या. तुमी लिवून द्या ना, का इथं गवत राह्यते म्हनून. मास्तरनीचं ऐकतीन ते. मह्या गाई कुठी जातीन?”

“पाहते,” मी म्हणाले.

आणि पाहिलंही. त्याच दुपारी स्टाफरूममध्ये बसून तारखा बदलल्या, मागच्या सप्टेंबरच्या केल्या. एका चित्रात नेमके माळावरचे ढग फाटले होते. नाल्याच्या काठापर्यंत गच्च हिरवं. मी ते चित्र जपून ठेवलं. एक पत्र लिहायचं होतं, बस. पण पत्र लिहिलं की पुढचा प्रश्न आला असता: मॅडम, मग ‘होय’ कसं लिहिलं? माझी बढतीची फाइल तेव्हा वर गेलेली होती.

तिचे आणखी दोन फोन आले. पहिल्याला मी ‘काम चालू आहे’ म्हणाले. दुसऱ्याला नंबर पाहून फोन पालथा ठेवला. मुदत संपली. फाइल मंजूर झाली. स्टाफरूममध्ये पेढे वाटले मी.

यंदा पोळ्यानंतर गेले. ते चित्र छापून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नेलं. माळाला तारेचं कुंपण होतं, आत काळ्या पाट्यांच्या रांगा. तिच्या गोठ्यात एकच गाय उरली होती. फळीवर माझा नंबर तसाच होता.

तिनं कागद उजेडात धरला. मी बोटानं दाखवत गेले, आणि मग तीच सांगू लागली. “हा आमचा नाला. हे पयसाचे झाडं. अन् हे सारं गवत.” मग तिनं कागद खाली घेतला. “म्हंजे हे तुमाले दिसलं होतं.”

“हो.”

“कवा?”

“तुमचा पहिला फोन आला त्याच दिवशी.”

“मंग काऊन नाई लिवून देल्लं?”

मी सगळं सांगितलं. रकाना, ‘होय’, बढती. सांगायला फार वेळ लागला नाही, याचंच मला नवल वाटलं. ती गाईकडे पाहत होती.

“म्हंजे तुमी माळात गेल्याच नोत्या.”

“नाही.”

तिनं कागद पिशवीत घालून माझ्यासमोर धरला. “मले काऊन देता? म्या पाह्यलंच हाय. ज्याईनं नाई पाह्यलं त्याईले द्या.”

मग ती उठून गाईला पाणी पाजायला गेली. बसा म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी मी तक्ता नव्यानं भरला. एकोणतीस वेळा ‘नाही’. सप्टेंबरचं चित्र जोडून पत्र कचेरीत दिलं, प्रत प्राचार्यांना. त्यांनी दोनदा वाचलं. “मॅडम, तिथे खांब उभे झालेत. आता याचा काय उपयोग?” मी प्रतीवर पोच मागून घेतली. कचेरीचं उत्तर अजून आलेलं नाही. नकाशा वेबसाइटवर आहे तसाच आहे.

त्या एका माळाचं काय झालं ते मला ठाऊक आहे. उरलेल्या अठ्ठावीस जागांवर कोण ढोरं चारत होतं, मला माहीत नाही. गवत वाळायच्या आत दर रविवारी त्या पाहायला निघते. तीन पाहून झाल्या. तिन्हीकडे गवत होतं. एकीकडे ते तारेच्या आत होतं.