कासारणीच्या भाषा

वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी पीएच.डी.साठी नाव नोंदवले, तेव्हा मी शिकवते त्या लातूरच्या महाविद्यालयात ही गोष्ट कोणाला सांगण्याचा धीर मला झाला नाही. उदगीरच्या बाजारातील विक्रेत्या स्त्रिया शाळेबाहेर दुसरी-तिसरी भाषा कशा शिकतात, हा माझा विषय. अनोळखी माणसाशी बोलायला मला अवघड वाटते, म्हणून मी प्रश्नावली छापून घेतली. कागद पुढे केला की बोलावे कमी लागेल, एवढाच त्यामागचा विचार.

‘आपणांस किती भाषा येतात?’ या प्रश्नापुढे जवळजवळ प्रत्येकीने ‘एक’ लिहिले. नांदेडला विद्यापीठात माझ्या मार्गदर्शकांनी ते कागद चाळले आणि चष्मा काढून ठेवला.

“बाई, यांना एकच भाषा येत असेल, तर तुम्ही शोधणार काय? विद्यापीठाच्या आढाव्यापर्यंत काही हाती लागलं नाही, तर विषय बदलावा लागेल.”

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करण्याचे बळ माझ्यात नव्हते. विषय गेला असता, तर मीही थांबले असते.

पुढच्या शनिवारी उदगीरला गेले. ‘एक’ लिहिणाऱ्यांपैकी एका वयस्क कासारणीच्या दुकानात शिरले खरी, पण विचारण्याचे धाडस होईना. मग बांगड्या भरायच्या म्हणून बसून राहिले. माझ्याआधी बिदरकडची एक बाई होती. कासारीण तिचा पंजा दाबत तिच्याशी घडाघडा कानडी बोलत होती. ती उठली आणि बुरख्यातली एक म्हातारी बसली. “आपा, हात ढीला छोडो,” कासारीण म्हणाली आणि तिच्या सुनेची चौकशी करू लागली.

माझी पाळी आली तेव्हा मी कसेबसे म्हणाले, “मावशी, कागदावर तर आपण एकच भाषा लिहिली होती.”

“एकच येती की. चौथीपतूर मराठी शाळा केली. बाकीचं काय शिकलेलं हाय व्हय? ते बांगड्या भरू भरू आलं.”

“म्हणजे कसं?”

“परक्या बोलीत बोललं की बाई हात आखडती, बांगडी पिचती. तिच्या घरचं बोललं की हात सैल पडतो. तुमचा तर लाकूड झालाय, मॅडम. माहेर कुठलं?”

“कंधार.”

“मग कंधारवानी बोला की. मास्तरीण लातूरला ठेवून यायची.”

म्हातारी अजून दारातच होती. ती खुदकन हसली. कासारीण कंधारच्या बाजाराचे विचारू लागली. “हाव, सोमवारी लई गर्दी असायची,” मी म्हणाले. नोकरी लागल्यापासून ही बोली मी चारचौघांत तोंडातून निघू दिली नव्हती. कोणी मला प्रश्नावली दिली असती, तर मीही ही बोली मोजली नसती. डझनभर बांगड्या कधी चढल्या, ते कळले नाही.

त्या दिवसापासून छापील कागद बाजूला ठेवले. कोणाशी, कशासाठी, कसे बोलता, एवढेच विचारू लागले. दर शनिवारी दुकानात बसण्याची परवानगी मागितली, तेव्हा ती म्हणाली, “बसा. पण वही झाका, गिऱ्हाईक बिचकतंय.” तीन महिन्यांत माझ्या लक्षात आले, की नव्या भाषेतले तिचे पहिले शब्द मापाचे आणि रंगाचे नसतात; दुखतंय का, कुठून आलीस, लेकरं किती, हे असतात.

आढाव्यात मी हे सगळे सांगितले. मार्गदर्शक बराच वेळ लिहून घेत होते. शेवटी त्यांनी विचारले, “आणखी किती दिवस लागतील?”

“सहा महिने दिलेत तर...”

“वर्ष घ्या,” ते म्हणाले. “आणि देगलूरलाही जाऊन या. तिथल्या बाजारात तेलुगूही कानावर पडेल.”