गोटीवाले काका

तुम्ही सिंकमध्ये ओतलेलं तेल कुणाच्या दारात वर येतं, कधी विचारलंय?

बर्मिंगहॅमच्या आमच्या उताराच्या गल्लीत एक निवृत्त ड्रेनेज इंजिनिअर काका राहतात. कुणाकडेही गेले, की आधी खिशातली गोटी फरशीवर सोडतात. घरंगळली की खूश. "रोमनांनी नुसत्या उतारावर अख्ख्या शहराला पाणी पाजलं! पंप नाही, काही नाही!" तोवर गोटी सोफ्याखाली जाते आणि आम्ही सगळे गुडघ्यांवर येतो.

दिवाळीत चकल्या तळून झाल्यावर मी कढई सिंककडे नेली, तर काका हात पसरून आडवे आले.

"काका, सरका ना. वरून गरम पाणी सोडते, जाईल."

"जाईल गं, आणि थिजून उताराच्या शेवटच्या घराशी तुंबेल. तिथली म्हातारी एकटी बादल्यांनी घाण पाणी उपसते. समतेची पत्रकं वाटतेस ना तू?"

मी कढई परत ओट्यावर ठेवली. काकांनी आपल्या थर्मासमधला चहा घटाघटा संपवला आणि थर्मास पुढे केला. "गार झालं की ओत यात."

अजून आमच्या गल्लीचं तेल त्यातच जातं. म्हणून सांगते, तळण झालं की तेल गार करून रिकाम्या बरणीत भरा. काकांना चहा पिऊ द्या.