गंगूची बेगमी

मालवणच्या बंदरावर मासळी विकणाऱ्या गंगूला काही वाया गेलेलं खपत नसे. पावसात होड्या वर ओढल्या की लागतात म्हणून ती सुके बांगडे बरणीत भरून ठेवी, तशाच औषधाच्या गोळ्याही. तिच्या नवऱ्याचं, गुणाजीचं, पोट सारखं बिघडे. डॉक्टर आठवड्याच्या गोळ्या देत. तो उठून बसला की उरलेल्या बरणीत जात. पुन्हा दुखलं की त्यातल्याच एकदोन.

२००६ साली त्याचं आतडं फुटलं. मोठ्या इस्पितळात ऑपरेशन झालं, पण पोटातला पू हटेना. जन्म मासळीत गेलेल्या गंगूलाही त्याचा वास सोसवेना.

“हे हवेशिवाय जगणारे जंतू,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “औषध अर्धवट घेतलं की त्यांतले चिवट तेवढे उरतात, आणि औषधाला न जुमानण्याचा गुण एकमेकांना देतात. आता आमचं औषध चालत नाही.”

औषध चालत नाही, एवढंच गंगूने ऐकलं. तिने पदराची गाठ सोडून बरणीतल्या गोळ्या पुढे केल्या.

“घेवा, बाईनू. ह्येंच्यासाठीच राखून ठेवलंय.”

“ह्या उरलेल्याच नडल्या,” म्हणत बाईंनी तिची मूठ मिटली. तेव्हा गंगूला सगळं कळलं.

गुणाजीला खांद्यावरून नेलं, तेव्हाही ती मूठ उघडली नव्हती.