उत्तरं मीच सांगितली होती

"समोर टीम कोणती आहे?" मी विचारलं.

"सेलू," पायल म्हणाली.

समोर तळेगाव होतं. सेलूला आम्ही सकाळीच हरवलं होतं.

मुलींच्या शालेय कबड्डीची जिल्ह्याची फायनल. सात मिनिटं बाकी, आम्ही दोन पॉइंटनी मागे. बारावीतली पायल आमची मुख्य रेडर. म्हणजे समोरच्यांच्या कोर्टात एकटीनं घुसायचं, गडी बाद करायचे आणि परत यायचं. या रेडमध्ये चौघींनी तिला पकडून आपटलं, तेव्हा तिचं डोकं एकीच्या गुडघ्यावर आदळलं. रक्त नाही, खोक नाही. आमच्याकडे रक्त नाही म्हणजे लागलं नाही. तोंडावर पाणी मारायचं, पाठ थोपटायची, "ऊठ वाघिणी" म्हणायचं. वीस वर्षं कोच म्हणून मी हेच केलं.

पण मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. त्याच उन्हाळ्यात वर्ध्याला कोच लोकांचं ट्रेनिंग झालं होतं. कन्कशन म्हणजे धक्क्यानं मेंदू आतल्या आत हादरणं, हे डॉक्टरांनी समजावलं होतं. बाहेरून काहीच दिसत नाही. त्यावर दुसरा मार बसला तर जिवावर बेतू शकतं. म्हणून नुसती शंका आली तरी त्या दिवशी खेळाडू परत उतरवायचा नाही. शंका तपासायला प्रश्नांचं एक कार्डही दिलं होतं. मैदान कोणतं, हाफ कोणता, समोर कोण, शेवटचा पॉइंट कोणाचा.

तेच कार्ड घेऊन आरोग्य केंद्राच्या सिस्टर मैदानाच्या पलीकडून येत होत्या. मला तेवढाच वेळ मिळाला.

"तळेगाव," मी पायलच्या कानाशी म्हणालो. "सेकंड हाफ. शेवटचा पॉइंट त्यांचा. म्हण."

"तळेगाव. सेकंड हाफ. त्यांचा. सर, उजेड लय टोचून राह्यला."

"पाणी पी. होते ठीक."

सिस्टरांनी विचारलं. पायलनं धडाधड उत्तरं दिली. पेपर मी आधीच फोडला होता.

"सर, नक्की उतरवायचं?" सिस्टर मला म्हणाल्या. "मले चेहरा बरोबर नाई वाटत तिचा."

"तीच म्हणते ना, बरं आहे म्हणून."

आम्हाला पॉइंट मिळाला तशी ती परत आत आली. त्यानंतरच्या तिसऱ्या रेडला ती पुन्हा आपटली आणि उठलीच नाही. मॅच आम्ही एका पॉइंटनं हरलो. गाडीत ती ओकत होती. "सर, जिंकलो का आपण?" हे तिनं तीनदा विचारलं.

नागपूरच्या दवाखान्यात आठ दिवस गेले. जीव वाचला. पण चार ओळी वाचल्या की डोकं ठणकायचं. बारावीची परीक्षा राहिली.

तिच्या वडिलांचं, भाऊंचं, सिंदी रेल्वे गावात हार्डवेअरचं दुकान आहे. "त्या बाईनंच पोरीले पास केलं," म्हणत त्यांनी सिस्टरांची तक्रार केली. चौकशीत मला विचारलं. मी म्हणालो, "प्रश्न माझ्यासमोर विचारले. उत्तरं बरोबर आली." यात एक शब्द खोटा नव्हता. सिस्टरांची बदली झाली.

पुढे दोन वर्षं, दुकानावरून गेलो की भाऊ हाक मारायचे. "या सर, चहा घ्या. तुमी होते म्हणून पोरगी वेळेवर दवाखान्यात पोचली." मी चहा प्यायचो.

गेल्या महिन्यात पायल दुकानात बसली होती. यंदा परीक्षा देणार आहे. ती म्हणाली, "सर, एक विचारू? सिस्टर यायच्या आधी तुमी मले काई सांगतलं होतं का? कधी आठवते, कधी वाटते माह्या डोक्याचाच घोळ हाये."

हे पोर दोन वर्षं स्वतःच्या डोक्यावर शंका घेत होतं.

"सांगितलं होतं," मी म्हणालो. मग भाऊंसमोर सगळंच सांगितलं.

भाऊंनी माझ्या हातातला कप काढून घेतला. "दोन वर्सं चहा पाजून राह्यलो मी तुमाले," ते म्हणाले.

पायल माझ्याकडे बघत नव्हती. "म्हंजे मले बरोबर आठवत होतं," ती स्वतःशीच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सिस्टरांच्या ऑफिसला लेखी कळवलं. त्यांना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. तालुक्याच्या कोच मीटिंगमध्येही हे सगळं उभं राहून सांगितलं. तिथं मला एकच गोष्ट सांगायची होती. डोक्याला मार लागला की आधी खेळाडूला बाहेर काढायचं आणि लगेच कोचला तिच्यापासून लांब करायचं.